अंगण खरंच वाकडं असेल तर?

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण आपण सगळेच वापरतो. व्हायवात दांडी गुल झाली की एक्स्टर्नल खडूस होता, सबमिशन राहिलं की प्रिंटर बंद होता, मॅच हरलो की पिच खराब होतं! आपल्यासारख्यांना ती म्हण अगदी फिट बसते. पण गेल्या डिसेंबरात एन.एस.एस.च्या शिबिरात मी पहिल्यांदा असं अंगण पाहिलं, जे खरोखरच वाकडं होतं.

वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या मागच्या अंगाला असलेलं एक छोटं गाव. (या तालुक्याला राजगड हे नाव द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) डोंगराच्या उतारावर घर, घरापुढे शेणाने सारवलेलं अंगण. वरच्या कडेला चेंडू ठेवला की तो आपला आपण घरंगळत खालच्या कडेला जाणार. त्या अंगणात एका साडेपाच वर्षांच्या मुलाला आम्ही सांगत होतो, "एका पायावर उभा राहा बघू!" एक जण घड्याळात सेकंद मोजत होता. मुलगा दोनदा तोल जाऊन पडला आणि कागदावर 'नाही' अशी खूण झाली.

ती खूण करणारी मीच होते. म्हणून हा लेख लिहायला घेतला.

झालं असं, की आरोग्य तपासणीच्या दिवसासाठी आमच्याकडे एक फॉर्म आला होता. मुलांची वाढ वयाप्रमाणे होते आहे की नाही हे बघण्याचा. झेरॉक्सची झेरॉक्स, ठिकठिकाणच्या परदेशी चाचण्यांतून जमवलेले प्रश्न आणि सगळं इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटची, म्हणून इंग्रजीत वाचून मराठीत विचारायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. (माझं मराठी ऐकून गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, तो भाग वेगळा.)

मी विचारत गेले आणि त्या मुलाची आई उत्तरं देत गेली.

"जिना चढताना एकेक पाऊल एकेका पायरीवर टाकतो का?"
"जिना? आमच्याकडं कुठला जिना, ताई?"
"तीनचाकी सायकल चालवतो?"
"न्हाय."
"चमच्याने, काट्याने खातो?"
"हातानं खातो की."

पुढचा प्रश्न होता, मूल स्वतःचं 'सिरियल' तयार करून घेतं का. याचं मराठी काय करावं म्हणून मी अडले. शेवटी विचारलं, "सकाळचा नाश्ता स्वतःचा स्वतः करून घेतो का?" ती माऊली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "चूल असती ना, ताई. एवढ्या पोराला चुलीपाशी कोण जाऊ देईल?"

मी लिहिलं, 'नाही'.

अठरा प्रश्नांपैकी अकरा उत्तरं 'नाही' आली. फॉर्मच्या हिशेबाने मुलगा मागे होता. खरं सांगते मित्रांनो, त्या क्षणी मला काहीही खटकलं नाही. लहानपणी आमच्या टेबलावर रोज कॉर्नफ्लेक्सचा डबा आणि दुधाचं भांडं असायचं, त्यामुळे तो प्रश्न मला अगदी नैसर्गिक वाटला. फॉर्म जणू माझ्यासाठीच लिहिला होता. आणि खरंच, माझ्यासारख्यांसाठीच तो लिहिलेला होता!

दोन दिवसांनी माझी मावसबहीण शिबिरात आली. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबर काम करते. आमच्या सरांनी तिला गावातल्या आयांशी बोलायला बोलावलं होतं. मी मोठ्या रुबाबात भरलेले फॉर्म तिच्यापुढे ठेवले. तिने ते चाळले, त्या मुलाच्या फॉर्मवर थांबली आणि एवढंच म्हणाली, "तू याला काम करताना बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. कसं बघणार? फॉर्ममध्ये तसा प्रश्नच नव्हता!

पुढे जाण्याआधी थोडी ओळख करून देते, कारण हॉस्टेलवर दहा जणांना विचारलं तर आठ जण ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे नोकरी लावून देणं असं सांगतील. इथे 'ऑक्युपेशन' म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते. लहान मुलाचं ऑक्युपेशन म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, पाटीवर गिरवणं, मित्राशी भांडणं. यातलं काही अडत असेल तर का अडतं हे शोधायचं आणि ते जमवून आणायचं, हे या लोकांचं काम. आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. त्यांनी अमेरिकेत या विषयाचं शिक्षण घेतलं आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये भारतातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी स्कूल सुरू केलं. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची. भोरपासून फलटण काही फार लांब नाही.

आता मूल कुठे अडतं आहे हे कळायचं कसं? त्यासाठी चाचण्या असतात, म्हणजे आपल्या भाषेत इन्स्ट्रुमेंट्स. त्यातली एक फार प्रसिद्ध म्हणजे डेन्व्हर चाचणी. १९६७ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहरात ती तयार झाली आणि १९९२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. जन्मापासून ६ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १२५ गोष्टी. कोलोरॅडोतल्या २,०९६ मुलांना तपासून कुठली गोष्ट किती टक्के मुलं कुठल्या वयात करतात याचा तक्ता बनवला गेला. सिरियल तयार करणं, मदतीशिवाय दात घासणं, बोर्डवरचे किंवा पत्त्यांचे खेळ खेळणं, हे सगळं त्या यादीत आहे. आमच्या फॉर्मवरचं सिरियल आलं कुठून ते आता कळलं!

चाचणी वाईट आहे का? अजिबात नाही. कोलोरॅडोतल्या मुलांसाठी ती मेहनतीने आणि शास्त्रशुद्ध केलेली आहे. चूक तिची नाही, ती वेल्ह्याच्या अंगणात जशीच्या तशी आणणाऱ्यांची आहे.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये व्हर्नियर हातात मिळाला तेव्हा सरांनी पहिला प्रश्न काय विचारला होता, आठवतंय? "झिरो एरर बघितली का?" जबडे बंद केल्यावर शून्य शून्यावर येत नसेल, तर पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढंच चुकणार. कितीही काळजीपूर्वक घ्या, दहा वेळा घ्या, चुकणारच. आपण लोखंडाच्या तुकड्याचा व्यास मोजताना झिरो एरर बघतो. आणि माणसाचं पोर मोजताना? तिथे झेरॉक्स चालते!

बरं, सगळीच रीडिंग्ज चुकतात असंही नाही, हे ताईने मला नीट समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधाराशिवाय बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं अशा सहा गोष्टी त्यांनी बघितल्या. आधाराशिवाय चालायला बाळं साधारण ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान लागतात, आणि ही खिडकी सगळ्या जगातल्या बाळांसाठी एकच धरली जाते. म्हणजे बाळ नॉर्वेतलं असो की भोरमधलं, पाय पायच असतात. २०१८ साली अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान अशा चार देशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचा आणखी एक मोठा अभ्यास आला. त्यातही बहुतेक टप्पे सगळीकडे जवळपास एकाच वयात येतात असं दिसलं. जास्त फरक पडला तो स्वतःचं स्वतः करण्याच्या गोष्टींत, म्हणजे खाणं, कपडे घालणं वगैरे.

आलं ना लक्षात? शरीर सगळीकडे सारखं, घर मात्र वेगळं. आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला तर नेमकं घरातलंच बघायचं असतं! जिथे झिरो एरर सगळ्यात जास्त, तिथेच त्यांचं सगळ्यात जास्त काम.

आता पुन्हा त्या अंगणात येऊ.

ताईने फॉर्म बाजूला ठेवला. आईशेजारी ओट्यावर बसली आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून हा काय काय करतो, सांगा बरं." बस्स, एवढा एकच प्रश्न! आई वीस मिनिटं बोलली. उठतो, कोंबड्या सोडतो. आज्जीबरोबर दोन शेळ्या घेऊन मागच्या खाचरात जातो. कोणती शेळी कधी व्यायली ते त्याला पाठ आहे. धाकट्या बहिणीला झोळीत झोका देतो. अंगणवाडीत गाणी म्हणतो. गोट्यांत मोठ्या पोरांना हरवतो आणि हरला तर रडतो.

मग आम्ही त्याच्यामागून खाचरात गेलो. भातकापणी झालेली, रिकामी खाचरं आणि त्यांच्यामधून जेमतेम वीतभर रुंदीचे बांध. तो शेळ्यांच्या मागे त्या बांधावरून तुरुतुरु चालला. मी दोनदा घसरले आणि आमचा सेकंद मोजणारा तर सरळ खाली! एका पायावर उभं राहण्यात 'नापास' झालेला मुलगा वरच्या बांधावर उभा राहून आम्हाला हसत होता.

इथे लेख संपवला असता तर छान गोड झालं असतं. 'पाहा, शहरी लोकांनी मुलाला मागे ठरवलं, पण मुलगा एकदम हुशार!' टाळ्या. पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

शेळी मेखेला बांधताना त्याने काय केलं? दाव्याचं एक टोक दातात धरलं आणि उजव्या हाताने गाठ मारली. डावा हात नुसता पोटाशी दुमडलेला. आम्ही सगळे "काय पटापट बांधतो!" म्हणून कौतुक करत होतो. ताई मात्र गप्प होती. तिने त्याला एक मोठा दगड उचलून द्यायला सांगितला, मग पावट्याची शेंग सोलायला दिली. शेंग त्याने गुडघ्यात धरली आणि उजव्या हाताने सोलली. बांधावर चालताना डावी टाच पुरती टेकत नव्हती, तेही मग तिने दाखवलं.

आईला विचारलं तर म्हणाली, "पयल्यापासून उजवाच हात वापरतो. वाटलं, सवय आसंल."

ताईने निदान केलं नाही, ते डॉक्टरांचं काम. पण तिने सांगितलं की जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराची एक बाजू कमी वापरली जाते, तशातलं हे असू शकतं, लगेच दाखवून घ्या. दुसरा हात जितक्या लवकर कामाला लावता येईल तितकं बरं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या फॉर्मवर अकरा वेळा 'नाही' होतं आणि त्या अकरांपैकी एकही 'नाही' त्या डाव्या हाताबद्दल नव्हतं! जे मुलाला येत होतं ते आम्ही चुकीचं मोजलं आणि जे खरंच अडत होतं ते आम्हाला दिसलंच नाही. फॉर्मला फक्त 'करतो की नाही' हवं होतं. 'कसं करतो' याला रकानाच नव्हता. आणि गावाने ते बघितलं नाही, कारण पोरगं सगळी कामं करून मोकळं होत होतं.

आपण सिग्नल डिटेक्शनमध्ये दोन चुका शिकतो, नसलेला सिग्नल दिसणं आणि असलेला न दिसणं. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो. इथे एकाच कागदावर, एकाच मुलाच्या बाबतीत दोन्ही चुका झाल्या होत्या. पहिल्या चुकीने 'मंद' हा शिक्का बसतो आणि पुढच्या जूनमध्ये पहिलीत गेल्यावर तो शिक्का शाळेत पोचतो. दुसऱ्या चुकीने उपचाराची वर्षं वाया जातात. ती परत मिळत नाहीत.

शिक्क्यावरून आठवलं. आदल्या वर्षी आमचं शिबिर भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाणलोटाकडच्या एका गावात होतं. तिथे चौथीतली एक मुलगी होती. तिची वही बघवत नव्हती, अक्षरं उलटीसुलटी, ओळ सोडून पळालेली. वर्गातली मुलं तिला सरळ 'ढ' म्हणायची. संध्याकाळी हीच मुलगी देवळाच्या पायरीवर सागरगोटे खेळताना मी पाहिली. एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे चार टिपायचे आणि वरचा झेलायचा. मी तिच्याशी सहा डाव खेळले आणि सहाही हरले.

ताईला हे नंतर सांगितलं तर ती म्हणाली, बोटांवरचा ताबा, नजर आणि हात यांचा मेळ, वेळेचा अंदाज, तळहातात वस्तू सरकवणं, हे सगळं सागरगोट्यांत आहे. यासाठी आम्ही छिद्रांत खुंट्या बसवायला लावणारे बोर्ड वापरतो. म्हणजे त्या मुलीचा हात बहुधा उत्तम असावा आणि अडचण दुसरीकडेच, कदाचित अक्षरं वाचण्या-ओळखण्यात. तिला हाताचा व्यायाम देऊन उपयोग नाही, वाचनाची तपासणी हवी. अशी तपासणी मराठीतून करता यावी म्हणून 'डाली' नावाचं साधन हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केलं, ते २०१५ मध्ये आलं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने तर १९९६ पासूनच सुरुवात केली आहे. माझ्या शाळेत समुपदेशक बाई होत्या. माझ्या वर्गातल्या एका मुलाला वेळेवर तपासून दहावीला जादा वेळ मिळाला आणि तो आज छानपैकी इंजिनियरिंग करतो आहे. भाटघरच्या त्या मुलीला काय मिळालं? एक अक्षर. ढ!

आपल्याकडे कुणी काही केलंच नाही असं मात्र समजू नका. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिनेच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी रूप बसवलं. नागपूरला ए. जे. मॅलिन यांनी व्हाइनलँडच्या सामाजिक प्रौढतेच्या मापनाला भारतीय रूप दिलं. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तिथल्या बाळांना तपासून आपले तक्ते बनवले. त्यातून पुढे 'डासी' ही चाचणी उभी राहिली, तिची सुधारित आवृत्ती १९९७ ची. हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ गोष्टी, वय ३० महिन्यांपर्यंत. संगणक नाही, निधी बेताचा, अशा काळात या लोकांनी हजारो पोरांपुढे बसून झिरो एरर काढली! आपण त्यांच्या पुढे किती गेलो, हा प्रश्न आपल्याला आहे.

सरकारी व्यवस्थाही कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा तपासायची, वाढीतला उशीर आणि अपंगत्व लवकर हेरायचं, आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आहेत. सगळं बरोबर. पण एका पथकाकडे एका अंगणवाडीसाठी वेळ किती असणार? आणि पुढे जिल्ह्याला जायचं म्हणजे काय, ते वेल्ह्याच्या आईला विचारा. डोंगरातून खाली उतरा, एस.टी.ची वाट बघा, चेलाडी फाट्यावर गाडी बदला, मग पुणं. पन्नास-साठ किलोमीटर आणि दिवसाची मजुरी बुडाली. म्हणूनच तिला पुण्याला पाठवणारा तो पहिला कागद बरोबर असणं इतकं महत्त्वाचं आहे. चुकीच्या कागदावर तिला एकदा फुकट फेरी पडली, की खरी गरज असताना ती पुन्हा जाणार नाही.

हे सगळं मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा एका मित्राने मुद्दा काढला, "मग काय, प्रत्येक तालुक्याला वेगळी फूटपट्टी? भोरचं पोर भोरच्या मापाने आणि पुण्याचं पुण्याच्या? म्हणजे खेड्यातल्या मुलाकडून कमीच अपेक्षा ठेवायची ना?"

प्रश्न बरोबर आहे, आणि ही भीती मलाही वाटते. "शेळ्या छान राखतो ना, मग झालं" असं म्हणून पोराची शाळा सोडवणारे आपल्याकडे कमी नाहीत. खेड्यातलं सगळंच गोड गोड म्हणून कौतुक करणं हाही त्या मुलावर अन्यायच. तो डावा हात कौतुकाच्या टाळ्यांतच लपला होता!

पण माझं म्हणणं माप कमी करा असं नाही. कौशल्य आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या करा, एवढंच म्हणते. शर्टाचं बटण लावणं हे काम आहे. दोन्ही हात एकमेकांच्या मदतीने वापरता येणं हे कौशल्य. ते कौशल्य पावट्याची शेंग सोलताना दिसतं, दावं बांधताना दिसतं, भोवऱ्याला जाळी गुंडाळताना दिसतं. जिना नसेल तर बांध आहे, उतरण आहे. एका पायाचा तोल बघायचा तर लंगडी आहे, अख्ख्या जगात एका पायावर पळायची एवढी प्रॅक्टिस दुसऱ्या कुणाची नसेल! काटा-चमचा नसेल तर एका हाताने भाकरी मोडून कालवणात बुडवून तोंडापर्यंत नेणं बघा. करून बघा कधीतरी, सोपं नाही. आकृती बघून उतरवता येते का, हे ठिपक्यांच्या रांगोळीतही दिसेल. काम गावचं, पण कौशल्याची अपेक्षा तीच. यात माप कुठे कमी झालं? उलट ते आता नीट लागलं.

आणि जगातही आता हा विचार पुढे आला आहे. स्वीडनमध्ये तयार होऊन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'मॅक्स' नावाचं वर्गीकरण आहे, सेरेब्रल पाल्सी असलेल्या ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी. त्याला पेटी लागत नाही, खेळणी लागत नाहीत. मूल रोजच्या आयुष्यात दोन्ही हातांनी वस्तू कशा हाताळतं हे त्याला ओळखणाऱ्यांना विचारायचं आणि पाच पायऱ्यांपैकी एक ठरवायची. कॅनडातून १९९१ मध्ये आलेल्या एका साधनात तर थेरपिस्ट घरच्यांनाच विचारतो, तुम्हाला कुठली गोष्ट जमायला हवी आहे? आणि त्यालाच दहापैकी मार्क द्यायला लावतो. म्हणजे ताईने ओट्यावर बसून जो एक प्रश्न विचारला, तो काही गावठी जुगाड नव्हता. ते शास्त्रच होतं.

मग आपण काय करायचं? 'चला अॅप बनवू' हे आपल्या ओठांवर लगेच येतं. तामिळनाडूतल्या आयिकुडीच्या अमर सेवा संगमने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी खरोखर असं अॅप केलं आहे. पण त्यांच्यामागे प्रत्यक्ष गावात केलेलं काम होतं. आपल्याकडे अॅप येईल, पण आत प्रश्न तेच सिरियलचे राहिले तर काय उपयोग? चुकीचं रीडिंग डिजिटल झालं म्हणून बरोबर होत नाही.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, यापुढे आपल्या शिबिरात कुणीही, मीसुद्धा, शिकलेल्या माणसाशिवाय असे फॉर्म भरू नयेत. आपण विद्यार्थी आहोत, थेरपिस्ट नाही. दुसरी, आपल्याला येतं ते करावं. थेरपिस्ट आणि अंगणवाडीच्या बाईंबरोबर बसून, आयांच्या शब्दांत, त्यांच्या दिवसातली कामं लिहून काढावीत. सागरगोटे, लंगडी, शेंगा सोलणं हे कोणत्या वयाची मुलं कसं करतात, हे पालकांची परवानगी घेऊन, कुणाचं नाव न लिहिता मोजावं. दोन वाड्यांतली पन्नास मुलं बघून तक्ता होत नाही, त्याला शेकड्यांनी मुलं आणि काही वर्षं लागतील. पण एका बॅचने सुरू केलं तर पुढची बॅच चालवेल. दरवर्षी फायनल इयरला काळ्या पट्टीवरून धावणारे किती रोबो होतात, आणि मेमध्ये त्यांचं काय होतं, ते मी सांगायला नको. त्यातला एक प्रोजेक्ट इकडे वळला तर पट्टी काही रुसणार नाही. तिसरी गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या अभ्यासात प्रेशर, फ्लो, टेंपरेचर सगळं मोजायला शिकवतात. माणूस मोजताना काय चुकतं यावर एखादं लेक्चर ठेवा ना सर, प्लीज!

आता त्या मुलाबद्दल. ताईने त्याच्या आईला फारसं काही दिलं नाही. ना मशीन, ना खेळणी. शेंगा सोलताना शेंग डाव्या हातात द्यायची, भाकरी थापताना त्याच्यापुढेही पिठाचा गोळा ठेवायचा आणि दोन्ही हातांनी थापून घ्यायचा, तांब्या दोन्ही हातांनी उचलायला लावायचा. मार्चमध्ये अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला होता. मुलाला पुण्याला एकदा दाखवून आणलं, पुन्हा बोलावलं आहे, पण तेव्हा गाडीभाड्याची अडचण होती म्हणून पुढची तारीख चुकली. (ती आम्ही काही जणींनी मिळून सोडवली आहे.) दावं अजून दातातच धरतो म्हणे. पण भाकरी थापायला मात्र रोज बसतो. त्याच्या भाकरीला एका बाजूला उजव्या पंजाचे ठसे खोल आणि डाव्या पंजाचे पुसट उमटतात, आणि ती वेडीवाकडी भाकरी त्यालाच खायची असते.

या डिसेंबरात पुन्हा शिबिर आहे. मी जाणार आहे. फॉर्म नेणार नाही, वही नेणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर नावं लिहावीत. आणि हो, बांधावरून चालायची प्रॅक्टिस करून या!

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन